तान्ह्या बाळात पाप कुठून आलं?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं मी वेगळी काढून ठेवली होती. लिहिणारी माणसं तीन गावची, एकमेकांना न ओळखणारी, पण दुखणं एकाच जागचं आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असं आपण म्हणतो आणि माणूस पापी असंही म्हणतो. या दोन गोष्टी एका देहात नांदतात कशा, हे तिघांनाही विचारायचं आहे. पत्रं थोडी कमी करून छापते आहे. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

*

"प्रिय सिस्टर, जय ख्रिस्त. आमची मुलगी पाच महिन्यांची झाली. पुढच्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा आहे. त्याच्या तयारीसाठी मंडळीतले एक वडीलधारे घरी आले होते. बोलता बोलता म्हणाले, 'बाळ निष्पाप दिसतं एवढंच, आहे मात्र जन्माचंच पापी.' स्तोत्र ५१ काढून दाखवलं. मी गप्प बसलो. रात्री तिला झोळीत टाकून झोके देताना ते वाक्य आठवलं आणि मला रडू आलं. मी चुकतोय का?"
— एक बाप, श्रीरामपूर तालुका

भाऊ, जय ख्रिस्त. लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

मी कुठून बोलते ते आधी सांगते. ३१ वर्षं मी नर्स होते, त्यातली २० हून जास्त प्रसूतीच्या खोलीत गेली. शास्त्राचा अभ्यास केला तो निवृत्तीनंतर, संध्याकाळच्या वर्गाला बसून. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला ग्रंथांच्या आधी बाळंच आठवली. बाळ बाहेर आलं की तोंडातला, नाकातला चिकटा काढायचा, पाठ चोळायची. ते रडलं की आपला श्वास सुटायचा. अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो, तो घासून काढायचा नाही. मग ओल्या कापसाने डोळे पुसायचे, नाकाकडून कानाकडे, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. आणि यानंतर जे होतं ते पुष्कळ आईबापांना ठाऊक नसतं, कारण आई थकलेली असते आणि बाप बाहेर बाकावर बसलेला असतो. पहिल्या तासाभरात बाळ चांगलं जागं असतं. डोळे उघडून समोरच्या तोंडाकडे टक लावून बघतं. मग झोपतं ते तासन्‌तास. त्या पहिल्या बघण्यासमोर मी किती वेळा उभी राहिले त्याची मोजदाद नाही. तुम्हाला झोळीपाशी रडू आलं ते चुकून आलेलं नाही.

शास्त्रात, म्हणजे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, पहिला अध्याय पहिला आहे आणि तिसरा तिसरा. 'प्रतिरूप' आणि 'सदृश' हे शब्द पहिल्या अध्यायात, सहाव्या दिवशी येतात. त्या दिवशी देवाने आपण केलेलं सगळं पाहिलं आणि त्याला ते फार चांगलं दिसलं. सर्प, फळ, झाडांत लपणं, 'हिनेच दिलं' म्हणून बायकोकडे बोट दाखवणं, हे सगळं नंतरचं. आपल्याकडे उपदेश फार वेळा तिसऱ्या अध्यायापासून सुरू होतो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, पाप हाच माणसाचा मूळ पिंड. तसं नाही. तांबेरा गव्हाला लागतो, नुसता तांबेरा कुठल्या शेतात उगवत नाही. आधी गहू असावा लागतो.

आता स्तोत्र ५१. 'मी जन्माचाच पापी आहे' हे वाक्य कोणाचं आहे ते पाहा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको आणवली, ती गरोदर राहिल्यावर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर त्याचे डोळे उघडले, तेव्हाचं हे स्तोत्र. खून पचवायला निघालेला एक मोठा माणूस स्वतःकडे बघून म्हणतोय की माझं बिघडणं आजचं नाही, पार मुळापासूनचं आहे. तो शेजारणीच्या बाळाबद्दल बोलत नाही. 'मी' शब्दाने सुरू होणारं वाक्य उचलून 'तुमची मुलगी' शब्दाला जोडलं की त्याचा अर्थच पालटतो.

तरी तुमच्याकडे आलेले वडीलधारे मनाचं सांगत नव्हते. या शिकवणीला मोठा इतिहास आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा ऑगस्टीनचा. इ. स. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियात जन्मलेला, पुढे हिप्पो शहराचा बिशप. आपल्या आत्मकथनात तो लिहितो की त्याने एक तान्हं बाळ पाहिलं, अजून बोलता न येणारं, आणि ते आपल्याबरोबर त्याच अंगावर पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे पांढऱ्याफटक चेहऱ्याने, कडवट नजरेने बघत होतं. म्हणजे मत्सर तान्हेपणीच असतो, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टीनसमोर मी कोण? पण जुळी मुलं मी पुष्कळ हाताळली आहेत. एकाला आधी पाजायला घेतलं की दुसरं लालबुंद होऊन किंचाळतं. ती भूक असते. दुसरं कोणी आहे हेच अजून त्याला नीट कळलेलं नसतं.

दुसरा आधार रोमकरांस पत्र ५:१२. तिथे मरण सर्वांवर आलं 'कारण सर्वांनी पाप केले' असं आपण मराठीत वाचतो, आणि मूळ ग्रीकमधून आज बहुतेक अभ्यासक तोच अर्थ काढतात. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात मात्र ते 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असं वाचता येत होतं. म्हणजे आदामाच्या पोटात आपण सगळेच होतो आणि अपराध आपलाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ग्रीकच वाचत होत्या, त्या वेगळं शिकवत आल्या: आदामापासून आपल्याकडे मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा गुन्हा नाही आला. कॅथोलिक भावंडांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट आहे की मूळपापाला 'पाप' म्हणायचं ते लाक्षणिक अर्थाने. ते आपल्याला लागलेलं आहे, आपण केलेलं नाही. आणि यहेज्केल संदेष्ट्याने तर 'बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' ही म्हणच इस्राएलात पुन्हा बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

मग बाळ अगदी कोरी पाटी, असं म्हणून मोकळं व्हावं का? पेलाजियस नावाचा साधू ऑगस्टीनच्याच काळात जवळजवळ तेच म्हणत होता: आदाम पापाआधी जसा होता तसंच प्रत्येक बाळ, चांगलं राहणं त्याच्या हाती. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ही शिकवण नाकारली. लहान होते तेव्हा मला पेलाजियस बरा वाटला असता. आता वाटत नाही. त्याच्या बोलण्यात वरवर माया आहे, पण सगळं ओझं तो एकट्या जिवाच्या डोक्यावर ठेवतो. दारुड्याच्या घरात वाढून पंधराव्या वर्षी बाटलीला हात लावणाऱ्या पोरालाही त्याच्या हिशोबाने म्हणावं लागतं, 'तू कोरा होतास, तूच बिघडलास.'

मी प्रसूतीच्या खोलीत जे पाहिलं ते असं. आईच्या अंगात रक्त कमी, नऊ महिने पोटाला पुरेसं नाही, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर ओझी. अशा बाईचं बाळ वजनात अडीच किलोच्या खाली भरतं, त्याच्या अंगातला लोहाचा साठाही तोकडा असतो. त्या बाळाने काय केलं? काही नाही. पण उणीव त्याच्या अंगात आहे, खरी आहे, लक्ष दिलं नाही तर पुढे त्रास देणार आहे. त्याला दोष देणारा मूर्ख, आणि त्याला काहीच झालेलं नाही म्हणून घरी पाठवणाराही मूर्ख.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० च्या आसपासची गोष्ट. घर आपल्याच मंडळीतलं, दोन मुलींवर तिसरी मुलगी झाली. २ किलो ८०० ग्रॅम, ठणठणीत. दुपट्यात गुंडाळून मी बाहेर नेली. आजी बाकावर बसली होती, मांडीवर पेढ्यांचा पुडा, दोरी सोडलेली. मी म्हटलं, "आजी, लक्ष्मी आली." आजीने पुड्याची दोरी पुन्हा बांधली आणि पुडा पिशवीत घातला. बाळाकडे पाहिलं नाही. ते बाळ दहा मिनिटांचं होतं, डोळे उघडून बघत होतं. त्याला अजून कोणाचं वाकडं करायला वेळच मिळाला नव्हता, आणि पाप त्याच्याआधी येऊन बाकावर बसलेलं होतं. जन्माचं पाप म्हणजे काय हे मला त्या दुपारी समजलं. ती मुलगी त्यात जन्मली. ती त्याच घरात वाढणार, कमी घास खायला शिकणार, आणि कोण जाणे, चाळीस वर्षांनी स्वतः आजी होऊन तशीच दोरी बांधणार. हे कोणी एकाने केलेलं नाही आणि यातून कोणी सुटलेलंही नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४ चा आहे. उत्पत्ती १:२७ त्याहून फार जुनं, आणि त्यात लिहिलंय, 'नर व नारी अशी ती निर्माण केली.' देवाचं प्रतिरूप म्हणून ज्या दोघांची नावं घेतली त्यातली एक त्या दुपट्यात होती.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेब प्रश्न विचारतील. नीट ऐका. एकही प्रश्न तुमच्या मुलीला नसेल. सगळे तुम्हा दोघांना आणि उभ्या राहिलेल्या मंडळीला असतील: दुष्टाईचा त्याग कराल का, हिला प्रभूच्या वाटेने वाढवाल का. तिच्याभोवतीचं घर आधी धुतलं जातं, असं मी त्याकडे बघते. त्या वडीलधाऱ्यांनाही बोलवा, आणि बाळाला एकदा त्यांच्या मांडीवर द्या.

*

"सिस्टर, मी पुण्यात कॉलेजला आहे. होस्टेलमधली माझी रूममेट वारकरी घरातली आहे. ती म्हणाली, 'आमच्याकडे प्रत्येकात देव बघायला शिकवतात आणि तुमच्याकडे सगळ्यांना पापी म्हणतात.' मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर पापी हा शब्द मलाही आवडत नाही."
— एक विद्यार्थिनी

बाळ, मैत्रिणीशी वाद घालू नकोस, तिच्या घरच्यांनी तिला फार चांगलं शिकवलं आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आमच्या नगरवरून जाते. काही वर्षं आम्ही नर्सेस रस्त्याच्या कडेला मलमपट्टीला बसत असू. एका वयस्कर वारकरीबुवांच्या पायाचे फोड मी धुतले, पट्टी बांधली आणि उठले, तर ते वाकून माझ्याच पाया पडले. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांना दिसत होता. "माउली," म्हणाले. मला काय करावं सुचेना, मीही वाकले. हे दृश्य मी उपासनेतही फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

फरक आहे तो असा. प्रतिरूप म्हणजे स्वतः देव नव्हे. येशूला कर देण्याबद्दल पेचात पकडायला लोक आले तेव्हा त्याने नाणं मागून घेतलं आणि विचारलं, हे चित्र कोणाचं? कैसराचं, म्हणजे रोमी सम्राटाचं. मग कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला. त्या गोष्टीतला 'चित्र' याचा ग्रीक शब्द एकोन, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा म्हटलंय तिथेही तोच शब्द आहे. तेर्तुलियन या उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या लेखकाने तो धागा पकडून लिहिलं की नाण्यावर कैसराची छाप, ते त्याला द्या. माणसावर देवाची छाप, तो देवाला द्या. म्हणजे माणूस देव नाही, पण तो दुसऱ्या कोणाच्या मालकीचाही नाही. राजाच्या नाही, सावकाराच्या नाही, नवऱ्याच्याही नाही. आमच्या जिल्ह्यात जे लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरून मंडळीत आले, त्यांच्या नातवंडांना विचार. या एका गोष्टीचं मोल ते तुला सांगतील.

आणि 'पाप'. मराठीत हा शब्द आपण पुण्याच्या जोडीने वापरतो, वहीतल्या जमाखर्चासारखा. शास्त्राचा शब्द वेगळ्या मातीतला आहे. जुन्या करारातल्या शास्ते या पुस्तकात, २०:१६ मध्ये, बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे लोक आहेत, गोफणीने केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथला 'चुकणे' आणि 'पाप करणे' याचा हिब्रू धातू एकच आहे. तू शहरात वाढलीस, तुझ्या आजोबांना विचार: ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरं उठवायची. धोंडा सुटला की सुटला. चुकला तर पाखराऐवजी बांधावरून चाललेल्या माणसाच्या कपाळाला लागतो. ज्याला नेमच नाही त्याचा नेम चुकत नाही. गाय-बैल पाप करत नाहीत. आपल्याला पापी म्हणता येतं ते आपल्या हाती गोफण दिलेली आहे म्हणून.

शब्द तुला आवडत नाही, कारण तो बहुतेक वेळा दुसऱ्यावर मारलेला तू ऐकला असशील. मी स्वतः मारला आहे.

१९८३ सालचा हिवाळा. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले, ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या. पहाटे बैलगाडीतून एक मुलगी आणली. सतरा वर्षांची असेल, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, गळ्यात मंगळसूत्र नाही. सोबत फक्त एक मावशी. कळा जोरात होत्या, ती ओरडत होती, आणि माझी रात्रपाळी संपत आली होती. मी तिला म्हणाले, "तेव्हा लाज वाटली नाही, आता कशाला ओरडतेस?"

ती गप्प झाली. त्यानंतर दोन तास तिने तोंडातून आवाज काढला नाही. मी शेकडो बाळंतपणं केली, तशी मुकी वेदना पुन्हा पाहिली नाही. ओठ चावून रक्त आलं होतं. मुलगा झाला. मी त्याला पुसून तिच्या कुशीत दिला तेव्हा ती एवढंच बोलली, "बाई, ह्याला नका बोलू तसं."

त्या संध्याकाळी प्रार्थनेला याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय होता. जिभेने आपण प्रभूची स्तुती करतो आणि त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे केलेल्या माणसांना शाप देतो. वाचायची पाळी माझीच होती. नवव्या ओवीपाशी, म्हणजे वचनापाशी, मला पुढे वाचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे माफी मागायला गेले तर खाट रिकामी होती, टोळी फड सोडून पुढे गेली होती, आणि ती तिच्याबरोबर. ती माफी माझ्याकडे आजही तशीच पडून आहे.

तिच्यात देवाचं प्रतिरूप नसतं तर मी नुसतं तिरसट बोलले असते. होतं, म्हणून ते पाप झालं. मैत्रिणीला हे माझ्या नावाने सांग. 'पापी' हा शब्द आमच्यात आधी 'मी' म्हणून उच्चारायचा असतो, आणि आम्ही तो फार वेळा उलटा वापरला, हेही सांग.

*

"सिस्टर, माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. सासरे पाळक होते, सासूबाईंनी चाळीस वर्षं मंडळीतल्या मुलांची शब्बाथशाळा (रविवारचा धर्मवर्ग) घेतली. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आता त्या मला ओळखत नाहीत. ज्या बाईच्या तोंडून कधी 'गाढवा'सुद्धा ऐकलं नाही, ती घाणेरड्या शिव्या देते. सांभाळायला येणाऱ्या बाईला जातीवरून बोलते, ताट फेकते. नात्यातले एक जण म्हणाले, आता त्यांच्यात देव राहिला नाही, सैतान शिरला आहे. त्यांच्यात देवाचं प्रतिरूप उरलंय का? की हे पाप आधीपासून आत होतं आणि आता वर आलं?"
— एक सून, सोलापूर

ताई, आधी नर्स म्हणून. शिवीगाळ एकदम वाढली असेल, चार-आठ दिवसांत, तर लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा जंतुसंसर्ग कित्येकदा तापाऐवजी असा भ्रमाच्या रूपात दिसतो आणि औषधाने उतरतो. बद्धकोष्ठ, दुखरा दात, कानातला मळ, हेही बघा. सांगता न येणारी वेदना ताट फेकते. सैतानाचं नाव घेणाऱ्या नातेवाइकांना आठवडाभर रात्रपाळीला बोलवा.

आता तुमचा प्रश्न. शतकानुशतकं मोठमोठ्या शिक्षकांनी देवाचं प्रतिरूप माणसाच्या बुद्धीत शोधलं. ऑगस्टीनने स्मरण, समज आणि इच्छा यांत पाहिलं. हे खरं मानलं तर स्मरण गेलं की प्रतिरूपही उतरणीला लागलं. मला हे कधीच पटलं नाही, कारण बिनबुद्धीची म्हणून टाकलेली बाळंही मी हातात घेतली आहेत. उत्पत्तीत बुद्धीचा उल्लेख नाही. उलट नवव्या अध्यायात, पतन होऊन गेल्यावर, जलप्रलयही होऊन गेल्यावर, देव नोहाला सांगतो की माणसाचं रक्त पाडू नका, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. शहाणा असेपर्यंत, असं पुढे जोडलेलं नाही.

आमच्या वर्गात पाळकसाहेबांनी एकदा एका पुतळ्याचं चित्र दाखवलं होतं. १९७९ साली उत्तर सीरियात तेल फेखेरिये इथे सापडलेला, काळ्या दगडाचा, माणसाच्या उंचीचा, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. हदद-यिथी नावाच्या राजाचा. त्याच्या अंगावर कोरलेल्या अरामी लेखात त्या पुतळ्याला दोन शब्द वापरले आहेत, आणि ते उत्पत्तीतल्या त्सेलेम आणि दमूत या दोन हिब्रू शब्दांचेच सख्खे भाऊ आहेत. प्रतिरूप आणि सदृश. त्या काळी असा मान राजाला. उत्पत्तीने तो प्रत्येक बाईमाणसाला दिला. पुतळ्याचं नाक झिजलं, अक्षरं पुसली, तरी तो कोणाचा पुतळा हे बदलत नाही. आपल्याकडे दगडाच्या पुतळ्याला कोणी धक्का लावला तर गाव बंद होतं. सासूबाई तर जिवंत आहेत.

आत होतं ते वर आलं का, असं तुम्ही विचारलंत. शिव्या आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात, जातीचे शब्दही. निरोगी मेंदू त्यांना दाबून ठेवतो. तो लगाम त्यांच्या हातून सुटला आहे आणि त्याचा जाब देव त्यांच्याकडे मागेल असं मला वाटत नाही. पण ते शब्द जिला लागतात ती बाई शुद्धीवर आहे. तिची माफी सासूबाई मागू शकत नाहीत, ती तुम्ही मागा, प्रत्येक वेळी, त्याच दिवशी. तिला आठवड्याची सुट्टी द्या. आणि एक विचारते, राग मानू नका: तिला चहा कोणत्या कपातून देता? आपल्या ख्रिस्ती घरांतही मी तो वेगळा कप पाहिला आहे, खिडकीत उपडा ठेवलेला. तसा असेल तर तो आजच काढा. आजारी माणसाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दापेक्षा शहाण्यांच्या घरातल्या त्या कपाची मला जास्त भीती वाटते.

माझी आई शेवटची दोन वर्षं मला ओळखत नव्हती. मला 'ओ बाई' म्हणायची. संध्याकाळी मी तिला वाटीत दूधभाकरी कुस्करून द्यायचे. ती वाटी घ्यायची, पहिला घास बोटांनी उचलायची आणि माझ्यापुढे धरायची. आठ लेकरांना भरवलेला हात होता तो. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, समोर कोणीतरी उपाशी असेल एवढं माहीत होतं. मी तो घास खाल्ला की मगच ती जेवायची.

तुम्हीही असं काही उरलंय का ते बघा. चाळीस वर्षं शब्बाथशाळा घेतलेल्या बाईत गाणी खोल गेलेली असतात, बोलणं गेलं तरी चाल राहते. 'उपासना संगीत' या आपल्या भजनांच्या पुस्तकातली नारायण वामन टिळकांची भजनं काढा, त्यांच्या तरुणपणी मंडळीत ज्या चालीवर म्हणत त्याच चालीवर म्हणा, आंघोळीच्या वेळी, पाठीवर कोमट पाणी ओतताना. पहिल्या दिवशी बहुधा काही होणार नाही. पंधरा दिवस करून बघा, आणि कोणत्या ओळीला त्यांचे ओठ हलले ते मला कळवा.